किंचित मुदतपूर्व जन्म

गर्भधारणेचे ३४ आठवडे पूर्ण झाल्यानंतर, परंतु ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या बाळाच्या जन्मास किंचित मुदतपूर्व जन्म असे म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात यासाठी 'लेट प्रीटर्म' हा शब्द रूढ आहे. घरोघरी अशा बाळाला 'थोड्या अपुऱ्या दिवसांचे' म्हटले जाते. मुदतपूर्व जन्मणाऱ्या एकूण बाळांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के बाळे या गटातील असतात. त्यांतील बहुसंख्य बाळे जगतात व निरोगी वाढतात. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वासाचा त्रास, शरीर गार पडणे, रक्तातील साखर उतरणे, दूध नीट न ओढणे, कावीळ व जंतुसंसर्ग हे धोके पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा त्यांना कितीतरी अधिक असतात. अशी बाळे दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखीच असल्याने हे धोके नजरेतून सुटतात, ही या विषयातील मुख्य अडचण आहे.

कालगणना

मराठीत गर्भावस्थेचा काळ 'नऊ महिने नऊ दिवस' असा सांगितला जातो. वैद्यकशास्त्रात हा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. पाळीच्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळवून प्रसूतीची तारीख काढण्याची जी पद्धत दवाखान्यांत वापरली जाते, तिचे उत्तर आणि लोकोक्तीतील हिशेब यांत दोन दिवसांचेच अंतर आहे. या मोजणीने २५९ व्या दिवसापासून पुढे जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचे आणि २३८ ते २५८ या दिवसांत जन्मलेले बाळ किंचित मुदतपूर्व ठरते. त्याआधीच्या बाळांचेही गट आहेत : ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंतचे मध्यम मुदतपूर्व, २८ ते ३२ आठवड्यांपर्यंतचे अति मुदतपूर्व आणि २८ आठवड्यांच्या आतील अत्यंत मुदतपूर्व.

पूर्वी ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांना इंग्रजी वैद्यकीय लेखनात 'जवळजवळ पूर्ण दिवसांचे' असे म्हणत. या नावामुळे डॉक्टर व परिचारिका दोघेही निर्धास्त राहतात, असे लक्षात आल्यावर २००५ साली अमेरिकेतील बालआरोग्य संशोधन संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ते नाव टाकून देण्याची शिफारस झाली. नाव बदलल्याने पाहण्याची दृष्टी बदलली, अशी जी थोडी उदाहरणे वैद्यकात आहेत, त्यांपैकी हे एक होय.

मोजणी सोपी असली तरी सुरुवातीची तारीख मिळणे सोपे नसते. मराठवाड्याच्या खेड्यांत पाळीची तारीख इंग्रजी महिन्याने क्वचितच लक्षात ठेवली जाते. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'महालक्ष्म्या उठल्यावर', 'नवरात्र बसायच्या आधी' अशी उत्तरे येतात. ती चुकीची नसतात. पंचांग हाताशी असणाऱ्या परिचारिकेला अशा उत्तरावरून एक-दोन दिवसांच्या फरकाने तारीख काढता येते, आणि 'साधारण जूनमध्ये' या उत्तरापेक्षा ते कधीही अधिक उपयोगी असते. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय सुमारे पाच ते सात दिवसांच्या फरकाने कळते. शेवटच्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. किंचित मुदतपूर्व हा गटच तीन आठवड्यांचा असल्यामुळे, नवव्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीस आलेल्या स्त्रीचे बाळ ३५ आठवड्यांचे आहे की ३८, हे खात्रीने सांगता येत नाही. लवकर नावनोंदणी करण्याचा आरोग्य विभागाचा आग्रह केवळ लोहाच्या गोळ्यांसाठी नसतो. तारीख पक्की होणे हाही त्याचा मोठा लाभ आहे.

आठव्या महिन्याविषयीची समजूत

'सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही' ही समजूत महाराष्ट्रभर आढळते. तिची मुळे फार जुनी आहेत. आठव्या महिन्यात ओज स्थिर नसते, ते कधी मातेकडे तर कधी गर्भाकडे जात असते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची, असे चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात म्हटले आहे. ग्रीक वैद्यकातही हिपॉक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहात आठमाशी बालकावर स्वतंत्र प्रकरण असून त्यातही अशीच धारणा दिसते. इतक्या दूरच्या दोन परंपरांत एकच समजूत असावी हे नवलाचे आहे.

आजच्या नोंदी या समजुतीच्या नेमक्या उलट आहेत. गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक आठवड्याबरोबर बाळ जगण्याची शक्यता वाढत जाते, आणि आठव्या महिन्याचे बाळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा निश्चितच सुस्थितीत असते. तरीही ही समजूत निरुपद्रवी नाही. सातव्या महिन्यातील बाळ जगले की त्याचे कौतुक होते, आणि आठव्यातील दगावले तर ते विधिलिखित मानले जाते. मग उपचाराची धडपड मंदावते. दुसरीकडे, नववा महिना लागला म्हणजे 'आता काही काळजी नाही' असा उलटा निष्कर्षही यातूनच निघतो. नववा महिना लागताना गर्भ साधारण ३५ आठवड्यांचा असतो, आणि ते बाळ अजून मुदतपूर्वच असते.

शेवटच्या आठवड्यांत काय घडते

३४ व्या आठवड्यापर्यंत बाळाचे सर्व अवयव तयार झालेले असतात. उरलेल्या सहा आठवड्यांत ते काम करण्यास शिकतात. मेंदूचे उदाहरण बोलके आहे. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्के असते. म्हणजे मेंदूची एक तृतीयांशाहून अधिक वाढ या शेवटच्या आठवड्यांत होते. श्वासाचे नियंत्रण, झोप व जाग यांची लय, आणि चोखणे-गिळणे-श्वास घेणे या तीन क्रिया एकमेकींशी जुळवण्याचे कसब याच काळात पक्के होते.

फुप्फुसांत या काळात दोन गोष्टी घडतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूस पसरणारा सरफॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार होतो. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. तो द्रव शोषून घेण्याची यंत्रणाही प्रसूतीच्या सुमारास जागी होते, आणि कळा सुरू होणे हा तिला मिळणारा एक महत्त्वाचा इशारा असतो. कळा न येता आधीच शस्त्रक्रियेने काढलेल्या बाळाला भराभर श्वास घेण्याचा त्रास अधिक होतो, त्याचे कारण येथे आहे.

त्वचेखालची चरबी शेवटच्या आठवड्यांत साठते. तिच्यात मानेभोवती, खांद्यांमध्ये व मूत्रपिंडांभोवती असणारी तपकिरी चरबी ही बाळाची शेगडीच असते, कारण नवजात बाळ कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही, ही चरबी जाळूनच ते गरम राहते. यकृतात साखरेचा साठाही याच वेळी होतो. थोड्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे हे दोन्ही साठे तोकडे असतात, आणि ते एकमेकांना संपवतात : बाळ गार पडले की ऊब राखण्यासाठी साखर खर्च होते, साखर उतरली की बाळ मलूल होते, मलूल बाळ दूध ओढत नाही, आणि दूध न मिळाल्याने ते आणखी गार पडते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत अनेक बाळांची प्रकृती या फेऱ्यातूनच बिघडते. फेरा कोठेही तोडता येतो, पण वेळेवर लक्षात आला तर.

धोक्याचे प्रमाण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील जन्मनोंदींवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात किंचित मुदतपूर्व बाळांपैकी २२ टक्के बाळांना जन्मानंतर लगेच काही ना काही गंभीर त्रास झाला. पूर्ण दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ३ टक्के होते. ३८ आठवड्यांपासून मागे जाताना प्रत्येक आठवड्याला हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होत गेले, ही त्यातील अधिक लक्षणीय बाब होय. बालमृत्यूचे प्रमाणही पूर्ण दिवसांच्या बाळांच्या सुमारे तिप्पट आढळले आहे. हे आकडे सुसज्ज रुग्णालये दारात असलेल्या देशाचे आहेत.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात, म्हणजे इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक. त्याच वर्षाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावली. देशाची सरासरी २० होती. राज्याची कामगिरी चांगली आहे, परंतु सरासरीत पुणे आणि किनवट एकाच ओळीत बसतात, हे विसरून चालत नाही.

कारणे

निम्म्याहून अधिक वेळा प्रसूती आपोआप लवकर सुरू होते : पाणमोट आधी फुटते किंवा कळा लागतात. मूत्रमार्गाचा व जननमार्गाचा जंतुसंसर्ग, जुळी बाळे, दोन बाळंतपणांतील कमी अंतर, मातेचे कोवळे वय, रक्तक्षय आणि अतिश्रम ही त्याची ज्ञात कारणे आहेत. उरलेल्या वेळी डॉक्टरांनाच प्रसूती लवकर करावी लागते. वाढलेला रक्तदाब, झटके, वारेतून रक्तस्राव किंवा बाळाची खुंटलेली वाढ ही तेव्हाची कारणे असतात व तो निर्णय योग्यच असतो. आक्षेप घ्यावा असा भाग वेगळा आहे. वैद्यकीय कारण नसताना सोयीची तारीख किंवा मुहूर्त पाहून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये, विशेषतः गर्भाचे वय पक्के नसताना, बाळ ३६ आठवड्यांचेच निघण्याचा धोका असतो. कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया करू नये, असा सर्वमान्य संकेत आहे.

मराठवाड्यात यातील काही कारणे दाटून आलेली दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. मराठवाड्यातील बीड, परभणी यांसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होते. दिवाळीच्या सुमारास उसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांत गरोदर स्त्रियाही असतात. कोयता जोडीने चालतो, म्हणून एकीने घरी थांबायचे तर दोघांची उचल अडकते. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणे, पहाटेपूर्वी सुरू होणारे काम, कोपीत राहणे आणि गावातील आशा सेविकेशी तुटलेला संपर्क, या सर्वांचा गर्भावस्थेच्या नेमक्या शेवटच्या महिन्यांशी गाठ पडण्याचा संभव असतो.

विष्णुपुरी आणि परिसरातील व्यवस्था

नांदेडजवळ लातूर रस्त्यावरील विष्णुपुरी हे गाव गोदावरीवरील धरण व उपसा सिंचन प्रकल्पासाठी तसेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासाठी ओळखले जाते. येथेच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९८८ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय पूर्वी नांदेड शहरातील वजिराबाद भागात होते. नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी, लातूर या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही येथे रुग्ण येतात. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून किंवा देगलूर-मुखेडकडून पाठवलेल्या बाळासाठी विष्णुपुरी हा बहुधा शेवटचा थांबा असतो.

नवजातांच्या शासकीय उपचारव्यवस्थेचे तीन थर आहेत. जेथे प्रसूती होते तेथे नवजात काळजी कोपरा, ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष, आणि जिल्हा पातळीवर किंवा वैद्यकीय महाविद्यालयात विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांपेक्षा कमी वय ही एसएनसीयूत थेट दाखल करण्याची एक अट आहे. ३५ आठवड्यांचे, दोन किलो शंभर ग्रॅमचे बाळ रडते, गुलाबी दिसते, आणि या अटीत बसत नाही. आजारी नसेल तर ते आईजवळच राहते, आणि तसेच राहावे हे उत्तम. परंतु आईजवळ राहणे म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाप्रमाणे वागवले जाणे नव्हे. दर दोन-तीन तासांनी दूध पाजले की नाही, हातपाय गार आहेत का, श्वास मिनिटाला ६० पेक्षा अधिक तर नाहीत ना, हे कोणीतरी पाहावे लागते. गर्दीच्या प्रसूतिकक्षात नेमके तेच राहून जाते.

३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान विष्णुपुरीच्या या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. मृत बालकांत अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची बाळे होती, तसेच काही बाळे बाहेरून गंभीर अवस्थेत आणली गेली होती, असे प्रशासनाकडून सांगण्यात आले. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक रुग्णसंख्या यांवर राज्यभर चर्चा झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. या चर्चेत औषधे व मनुष्यबळ यांना मिळाले ते स्थान योग्यच होते. पण बाळ शेवटच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या तासांविषयी फारसे बोलले गेले नाही. गुंडाळून, आईपासून वेगळे करून, दूध न पाजता साठ-सत्तर किलोमीटर आणलेले बाळ अनेकदा मूळ आजारापेक्षा प्रवासात गार पडल्यामुळे अधिक अस्वस्थ होते. रुग्णवाहिकेत बाळाला आईच्या किंवा आजीच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधले, तर कोणत्याही यंत्राशिवाय हा धोका पुष्कळ कमी करता येतो.

काळजी आणि उपचार

जन्मताच बाळ कोरडे करणे, आईच्या पोटावर ठेवणे, डोक्याला टोपी घालणे आणि पहिल्या तासात चीक पाजणे हे पहिले उपचार होत. अंघोळीची घाई नसावी; मुदतपूर्व बाळाची अंघोळ प्रकृती स्थिर होईपर्यंत पुढे ढकलतात. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागील बाजूने आधी पोट व मग पावले चाचपावीत : दोन्ही उबदार असतील तर ठीक, पोट उबदार व पावले गार असतील तर बाळ थंडीशी झगडत आहे, दोन्ही गार असतील तर तातडीने उपचार हवा.

कांगारू मातृसेवा या नावाने प्रसिद्ध असलेली पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचेच्या पेट्यांच्या टंचाईतून जन्माला आली. केवळ लंगोट व टोपी घातलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवून वरून साडीने किंवा पट्ट्याने बांधतात. बाप, आजी, मावशी कोणीही हे करू शकते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केल्यास १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात, असे दिसले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्वच मुदतपूर्व व कमी वजनाच्या बाळांसाठी तिची शिफारस केली. 'पेटीत ठेवले' याला गावात जी प्रतिष्ठा आहे, ती अजून आईच्या छातीला मिळालेली नाही.

दूध पाजणे हे या बाळांच्या बाबतीत सर्वांत चिकाटीचे काम आहे. ती झोपाळू असतात. पूर्ण दिवसांचे बाळ भुकेने रडून घर डोक्यावर घेते. हे बाळ रडत नाही, आणि 'फार गुणी आहे' असे त्याचे कौतुक होते. प्रत्यक्षात ते उपाशी असते. म्हणून त्याच्या मागणीची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, उठवून पाजावे लागते. चार घोट ओढून थकणाऱ्या बाळाला आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. जुन्या घरांत यासाठी वापरले जाणारे बोंडले, उकळून घेतलेले असेल तर, बाटलीपेक्षा कितीतरी बरे. आईला दूध कमी असेल तर दुग्धपेढीतील दूध हा पर्याय असतो. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मध चाटवणे, गुटी, साखरेचे पाणी, गाईचे पाणी घातलेले दूध यांपैकी काहीही देऊ नये. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचा धूर अपुऱ्या तयारीच्या फुप्फुसांना मुळीच मानवत नाही.

काविळीविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते. थोड्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उशिरा, पाचव्या ते सातव्या दिवशी शिखर गाठते आणि अधिक दिवस टिकते. सरकारी रुग्णालयातून नैसर्गिक प्रसूतीनंतर आई दोन-तीन दिवसांत घरी जाते. म्हणजे कावीळ वाढण्याच्या नेमक्या दिवसांत, पाचवीची पूजा होत असताना, बाळ कोणाच्याही वैद्यकीय नजरेखाली नसते. पिवळेपणा चेहऱ्यावरून पोटावर, आणि पुढे तळहात-तळपायांवर उतरत जातो. तळवे पिवळे दिसणे ही धोक्याची खूण आहे. बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊन बहिरेपणा किंवा अपंगत्व येऊ शकते, आणि फोटोथेरपीचे निळे दिवे वेळेवर मिळाले तर ते पूर्णपणे टाळता येते. अंगणातील कोवळे ऊन हा त्यावरचा उपचार नव्हे.

प्रसूती लवकर होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे पक्की करण्याचा उपाय ३४ आठवड्यांच्या आतील बाळांसाठी सिद्ध झालेला असून भारतात त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. ३४ ते ३६ आठवड्यांसाठी चित्र मिश्र आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत श्वासाचे त्रास घटले, पण रक्तातील साखर उतरलेल्या बाळांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. जेथे नवजाताची साखर वारंवार तपासण्याची सोय नाही, तेथे हा सौदा परवडणारा नाही.

घरी गेल्यानंतर

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची सेवा केली. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशा सेविकांमार्फत गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली आहे. यांतील सातव्या दिवसाची भेट काविळीच्या दृष्टीने अमूल्य ठरते.

या व्यवस्थेत एक जागा मोकळी राहते. पहिले बाळंतपण माहेरी होते. नावनोंदणी सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सासरी परत, अशा प्रवासात बाळ दोन आशांच्या याद्यांमध्ये हरवते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे आणि माहेरच्या आशेला पहिल्याच दिवशी कळवणे एवढे केले तरी ही पोकळी भरते.

बाळ दूध ओढेनासे झाले, हातापायांनी हालचाल कमी झाली, श्वास भराभर चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार किंवा तापलेले लागले, झटका आला, तर थांबू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे शासकीय रुग्णालयातील उपचार, औषधे व वाहतूक मोफत आहेत. लसी जन्मतारखेप्रमाणे वेळच्या वेळी द्याव्यात. बाळ अपुऱ्या दिवसांचे म्हणून त्या पुढे ढकलण्याचे कारण नाही. लोह व ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात, कारण लोहाचा साठाही आईकडून शेवटच्या आठवड्यांतच मिळायचा असतो.

पुढील वाढ आणि शाळा

बाळ कधी मान धरेल, कधी बसेल, हे जोखताना दोन वर्षांपर्यंत 'सुधारित वय' धरतात : पाच आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचे वय पाच आठवड्यांनी कमी मोजायचे. शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरण्याचे प्रसंग यामुळे टळतात. या गटातील बहुतेक मुलांची वाढ सर्वसाधारण होते. सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सुमारे तिप्पट असले, तरी मुळात ते अतिशय कमी असते. शालेय वयात वाचन, गणित व एकाग्रता यांत थोड्या अधिक अडचणी गटाच्या पातळीवर दिसतात. एकेकट्या मुलाविषयी त्यावरून भाकीत करता येत नाही. शंका असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवण, दृष्टी व विकासाची तपासणी होते.

शाळाप्रवेशाच्या वेळी एक बारीकसा प्रश्न उद्भवतो, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमारेषा आहे. जानेवारीच्या अखेरीस जन्मायचे बाळ पाच आठवडे आधी, नाताळच्या सुमारास जन्मले, तर कागदोपत्री ते एक वर्ष आधीच्या तुकडीत बसते. वर्गात सर्वांत लहान, आणि त्यातही अपुऱ्या दिवसांचे, असा दुहेरी भार त्याच्यावर येतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घ अभ्यासात जन्मतारखेऐवजी प्रसूतीची अपेक्षित तारीख धरून तुलना केल्यावर मुदतपूर्व मुलांच्या शालेय अडचणींतील फरकाचा काही भाग कमी झाला. सीमारेषा किमान वयाची असल्यामुळे पालकांना एक वर्ष थांबण्याची मुभा असते. नोव्हेंबर-डिसेंबरात लवकर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत अंगणवाडीत आणखी एक वर्ष काढणे हे मागे पडणे मानले जाऊ नये, असे बालविकासाचे अभ्यासक सुचवतात.